चाकणच्या गाड्यांवर ज्याचं नाव आहे, त्या स्कोडाने आयुष्यात एकही गाडी बनवली नाही

पुणे–नाशिक रस्त्याने भोसरी, मोशी मागे टाकली की चाकण लागतं. इथल्या एमआयडीसीत ३१ मार्च २००९ ला एका मोठ्या कारखान्याचं उद्घाटन झालं. पाटी फोक्सवॅगनची होती, पण तिथे सगळ्यात आधी बनायला लागली ती स्कोडाची फाबिया. त्याच्याही आधी, २००१ पासून, औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात स्कोडाची ऑक्टेव्हिया जोडली जात होती. आज चाकणमधून कुशाक बाहेर पडते, स्लाविया बाहेर पडते, आणि पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये बाणाला पंख लावलेला तो लोगो दिवसातून दहा वेळा तरी दिसतो.

स्कोडा हे एका माणसाचं आडनाव आहे. एमिल स्कोडा. गंमत म्हणजे या माणसाने गाडी कधी बनवली नाही आणि बनवायचा विचार केल्याचंही दिसत नाही. तो १९०० साली वारला. ज्या कंपनीतून आजची स्कोडा गाडी जन्मली, त्या कंपनीची पहिली मोटारगाडी बाजारात आली १९०५ साली, तीसुद्धा वेगळ्याच गावात आणि वेगळ्याच नावाने.

मग याने केलं काय? तर साखर कारखान्यांची यंत्रं केली, बीअरच्या कारखान्यांची यंत्रं केली, पूल केले, बॉयलर केले. आणि शेवटी तोफा केल्या.

आधी उच्चाराचं बघू. चेक भाषेत हे नाव श्कोडा असं म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे नुकसान. दूध उतू गेलं, बस चुकली, की चेक माणूस हळहळून हाच शब्द काढतो. इतकं अपशकुनी नाव घेऊन कोणी धंद्यात उतरेल का, असा प्रश्न आपल्याकडे नक्की पडला असता. एमिलला पडला नसावा.

त्याचं गाव प्लझेन. प्रागपासून पश्चिमेला साधारण ९० किलोमीटर. जर्मन लोक या गावाला पिल्सेन म्हणायचे, आणि जगभरात बीअरच्या बाटल्यांवर जो पिल्सनर शब्द दिसतो तो या गावाच्या नावावरून आलाय. एमिल समजून घ्यायचा तर आधी या बीअरची गोष्ट सांगावी लागते, कारण ती त्याच्याच वयाची आहे.

हे गाव वसवलं बोहेमियाचा राजा दुसरा वेंसेस्लास याने, १२९५ साली. तेव्हा त्याने इथल्या २६० घरांना बीअर बनवून विकायचा हक्क दिला. हक्क माणसाला दिलेला होता असं समजू नका, तो घराला चिकटलेला होता, आपल्याकडे वतन असायचं तसा. घर विकलं की हक्कही गेला. पाचशे वर्षं हे असंच चाललं. पण घरोघरी बनणाऱ्या बीअरला एकसारखी चव कुठून येणार? एका घरची बरी, दुसऱ्या घरची आंबूस, तिसऱ्या घरची फेकून द्यायच्या लायकीची. १८३८ साली ती वेळ आलीच. खराब झालेल्या बीअरची ३६ पिंपं गावाने नगरपालिकेच्या इमारतीसमोर भर चौकात ओतून दिली. बाजारात तोवर शेजारच्या बव्हेरियाची चांगली बीअर यायला लागली होती, त्यामुळे गावच्या धंद्यावर पाणी पडायची चिन्हं होती.

पुढच्याच वर्षी, जानेवारी १८३९ मध्ये, हक्कवाल्या घरांनी एकत्र येऊन ठरवलं की सगळ्यांचा मिळून एकच मोठा कारखाना काढायचा. आपल्या सहकारी साखर कारखान्याशी याचं नातं लगेच लक्षात येईल. एकेकट्याचं गुऱ्हाळ बंद करायचं, सगळ्यांनी सभासद व्हायचं, नफा वाटून घ्यायचा. प्रवरानगरचा पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला १९५० साली. प्लझेनचे लोक शंभर वर्षं आधीच त्या वाटेने गेले होते, फक्त उसाच्या जागी त्यांच्याकडे बार्ली होती.

मार्टिन स्टेल्झर नावाच्या बांधकाम करणाऱ्याने इमारत उभी केली. बीअर बनवायला बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा तरुण आणला. हा ग्रोल स्वभावाने भलताच उर्मट म्हणून प्रसिद्ध होता, पण त्याच्या हातात जादू होती, आणि गावच्या विहिरींच्या पाण्यातही. प्लझेनचं पाणी अतिशय मऊ, म्हणजे क्षार जवळजवळ नाहीत. त्यात हलकी भाजलेली बार्ली आणि शेजारच्या झाटेट्स भागातले सुवासिक हॉप्स पडले. ५ ऑक्टोबर १८४२ ला पहिला घाणा निघाला. तोवर बीअर म्हणजे गडद, गढूळ पेय. हे जे बाहेर आलं ते सोनेरी आणि आरपार दिसणारं होतं. आज भारतात किंवा कुठेही जी साधी पिवळीधमक बीअर मिळते, तिचं मूळ शोधत गेलं की आपण त्या घाण्यापाशी पोचतो. ग्रोलचा करार १८४५ मध्ये संपला, गावाने तो वाढवला नाही, आणि तो आपल्या गावी परत गेला. तिथेच १८८७ साली, नेहमीच्या गुत्त्यात नेहमीच्या टेबलावर बसलेला असताना तो वारला.

ज्या १८३९ साली गावाने कारखाना काढायचं ठरवलं, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये प्लझेनच्या एका डॉक्टरच्या घरी एमिलचा जन्म झाला.

हे घराणं मजेदार होतं. आजोबा कुलुपं करणारे लोहार. त्यांची मुलं मात्र शिकून डॉक्टर झाली. एमिलचे वडील फ्रांतिशेक डॉक्टर होते आणि पुढे राजकारणातही गेले. काका योसेफ स्कोडा तर व्हिएन्नातला युरोपभर गाजलेला डॉक्टर. आज डॉक्टर छातीवर बोटांनी ठोकून बघतात, स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकतात, ती तपासणी शास्त्रशुद्ध करण्यात या काकांचा मोठा वाटा आहे. त्यांचा त्या विषयावरचा ग्रंथ आला तोही १८३९ मध्येच. बाळंतिणींना हात लावण्याआधी डॉक्टरांनी हात धुवावेत असं सांगणाऱ्या इग्नाझ सेमेलवाइसची व्हिएन्नात टिंगल चालली होती, तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिलेल्या थोड्या लोकांत योसेफ स्कोडा होते.

अशा घरातला मुलगा डॉक्टर होणार हे गृहीतच धरायला हवं. पण एमिल आजोबांवर गेला. त्याला लोखंड आवडायचं. प्राग आणि मग जर्मनीत त्याने इंजिनीअरिंग शिकून घेतलं, जर्मन कारखान्यांत हात काळे केले, आणि १८६६ मध्ये तो गावी परतला.

गावात तोवर एक यंत्रांचा कारखाना सुरू झाला होता. तो काढला होता वाल्डश्टाइन घराण्यातल्या एका उमरावाने, १८५९ साली. साखर कारखाने, बीअरचे कारखाने, खाणी यांना लागणारी यंत्रं, वाफेची इंजिनं, बॉयलर असं सगळं तिथे बनायचं. शंभरेक कामगार होते. योगायोग बघा, त्याच १८५९ मध्ये प्लझेनच्या बीअरवाल्यांनी आपल्या बीअरचं नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं, कारण एव्हाना जो तो आपल्या बाटलीवर पिल्सनर लिहायला लागला होता. १८६१–६२ मध्ये बव्हेरिया आणि प्रागशी रेल्वे जोडली गेली. एका बाजूला माल बाहेर न्यायची सोय झाली, दुसऱ्या बाजूला यंत्रं मागणारे गिऱ्हाईक वाढले. लहान शहर अचानक जागं होतं, तसा तो काळ होता.

एमिल या कारखान्यात मुख्य इंजिनीअर म्हणून लागला. पण साल १८६६, म्हणजे ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांचं युद्ध झालं ते साल. लढाई बोहेमियाच्याच भूमीवर झाली आणि ऑस्ट्रिया सपाटून हरली. मालक उमराव. त्याच्या जमिनी होत्या, वाडे होते, कारखाना हा त्याच्या पसाऱ्यातला एक कोपरा. एमिलसाठी तो सगळं काही होता. तीन वर्षं त्याने नोकरी केली आणि जून १८६९ मध्ये, वयाची तिशीही पूर्ण झालेली नसताना, अख्खा कारखाना विकत घेतला. किंमत होती सुमारे १ लाख ६७ हजार गुल्डन.

१८७३ साली व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला आणि साम्राज्यभर धंदे बुडाले. स्कोडाचा कारखाना तगला. त्याच्या पहिल्या पंधरा वर्षांत नाट्यमय असं फारसं काही नाही. ऑर्डर घ्यायची, यंत्र करायचं, वेळेत पोचवायचं, आलेला पैसा परत कारखान्यात घालायचा. चरित्रकारांना असला काळ कंटाळवाणा वाटतो, कारखानदाराला तोच सगळ्यात आवडतो.

खरी कलाटणी १८८० च्या दशकात आली. त्यामागे एक कारण होतं साखर. बोहेमियात बीटापासून साखर बनायची आणि यंत्रांच्या ऑर्डरींचा मोठा भाग साखर कारखान्यांकडून यायचा. १८८४ च्या आसपास युरोपात साखर इतकी झाली की भाव गडगडले. साखरेचा भाव पडला की त्यामागे काय काय पडतं हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. नवे कारखाने थांबले, जुन्यांची दुरुस्तीही लांबली.

याच सुमाराला एमिलने ठरवलं की आता पोलाद ओतायचं.

हा निर्णय किती मोठा होता हे कळायला बिडाचा तवा आठवा. बिडाचा तवा भक्कम असतो, पण हातातून फरशीवर पडला की तडकतो. तोवर यंत्रांचे मोठे भाग याच बिडाचे ओतले जात. बीड वितळवणं सोपं, बाराशे अंशांच्या आत-बाहेर ते पातळ होतं. पोलादाला चौदाशे-पंधराशे अंश लागतात. शिवाय थंड होताना पोलाद जास्त आकसतं, आत हवेचे बुडबुडे अडकतात, भेगा पडतात. बाहेरून गुळगुळीत दिसणारा भाग आतून पोकळ निघाला की चार दिवसांची मेहनत भंगारात. पण जमलं, तर तडकणार नाही असा हवा त्या आकाराचा भाग एका ओतणीत मिळतो. जहाजाचं सुकाणू धरणारा सांगाडा, पाण्याच्या टर्बाइनचं कवच, रेल्वेचे भाग, सगळं. एमिलने पोलादाची फाउंड्री उभी केली आणि १८८६ मध्ये कारखान्याच्या आतपर्यंत स्वतःचे रूळ टाकून घेतले, म्हणजे कित्येक टनांचा तुकडा सरळ वाघिणीत चढवता येईल. पुढच्या काळात इथले ओतीव भाग नायगाराच्या वीजकेंद्रापर्यंत आणि सुएझ कालव्याच्या दारांपर्यंत गेले.

पोलाद चांगलं ओतता येतं म्हटल्यावर एक गिऱ्हाईक दारात येणारच होतं. ते म्हणजे सैन्य.

ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य तेव्हा एका अडचणीत होतं. उत्तम पोलादी तोफा हव्या असतील तर जर्मनीतल्या क्रुपकडे जावं लागायचं. ज्या प्रशियाने १८६६ मध्ये आपल्याला लोळवलं, त्यांच्याच देशातल्या कारखान्यावर किती विसंबायचं, हा व्हिएन्नाचा प्रश्न होता. घरात कोणीतरी हवा होता. एमिलने आधी किल्ल्यांच्या आणि तोफांच्या चिलखती भागांचं काम घेतलं. मग मशीनगन आली. तिची रचना एका आर्चड्यूकने आणि एका लष्करी अधिकाऱ्याने मिळून केलेली होती, बनवायची होती स्कोडाने. १८९० मध्ये त्याने शस्त्रांचा वेगळा कारखानाच काढला.

इथे जरा थांबायला हवं. हा माणूस काही युद्धाच्या आवेशाने पेटलेला नव्हता. त्याचं गणित साखरेच्या यंत्रासारखंच होतं. पण साखरेच्या यंत्रांना गिऱ्हाइकं अनेक असतात, मोठ्या तोफेला एकच, सरकार. सरकार एकदा ऑर्डर देतं, तिच्यासाठी तुम्ही प्रचंड भट्ट्या आणि लेथ बसवता, आणि मग त्या चालू ठेवायच्या तर पुढची ऑर्डर लागते. कर्ज वाढत गेलं, कारखाना फुगत गेला. ज्या काकांनी माणसाच्या छातीतला आवाज ऐकायला शिकवलं, त्यांच्या पुतण्याचं नाव आता तोफेच्या बुडाशी कोरलं जाऊ लागलं. आणि तोफेतून बाहेर पडणाऱ्या एमिलला मागे फिरायला वाट उरली नव्हती, कारण हजारो कामगारांची घरं त्या भट्ट्यांवर चालत होती.

याच वेळी पुण्यात काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे. एमिलने कारखाना विकत घेतला त्याच १८६९ साली इंग्रजांनी खडकीत दारूगोळ्याचा कारखाना सुरू केला. तो आजही चालू आहे. पुढे, १८८७ मध्ये, इंग्लंडच्या बर्टन गावातल्या बीअर बनवणाऱ्या घराण्यातल्या एच. जी. मीकिनने सिमला आणि कसौलीच्या जुन्या ब्रुअऱ्या घेतल्या आणि मग देशात ठिकठिकाणी नव्या बांधल्या, त्यातली एक खडकीत. म्हणजे काडतुसं आणि बीअर अशी प्लझेनची जोडी खडकीतही जमली होती. फरक एवढाच आणि तो फार मोठा, की प्लझेनची बीअर गावच्या घरांच्या मालकीची होती आणि पोलाद गावच्या पोराचं. खडकीत दोन्ही गोष्टी छावणीतल्या गोऱ्या सैन्यासाठी आल्या होत्या. पुणेकराच्या वाट्याला त्यात आली ती मजुरी. त्यामुळेच प्लझेनमधून एक स्कोडा निघाला आणि खडकीतून तसं नाव निघालं नाही, असं म्हणायला जागा आहे.

प्लझेनमध्ये मात्र दोन्ही धंदे बहरात होते. १८९२ मध्ये बीअरच्या कारखान्याने पन्नास वर्षं झाली म्हणून दोन कमानींचं भव्य प्रवेशद्वार बांधलं. तेच आजही बाटलीवर छापलेलं दिसतं. १८९८ मध्ये पिल्सनर उर्केल हे नाव नोंदवलं गेलं, उर्केल म्हणजे मूळ झरा. आणि डिसेंबर १८९९ मध्ये एमिलने एक पाऊल उचललं, जे त्याने तीस वर्षं टाळलं होतं. कारखाना एकट्याच्या मालकीचा ठेवणं आता झेपत नव्हतं. बँकांचा पैसा घ्यावा लागला, शेअर काढावे लागले, स्कोडा वर्क्स नावाची कंपनी झाली. जे काम गावातल्या बीअरवाल्यांनी पहिल्याच दिवशी केलं होतं, मालकी वाटून घ्यायचं, ते एमिलने अगदी शेवटी केलं. अर्थात त्यांनी ती शेजाऱ्यांत वाटली, याने ती बँकांच्या हाती दिली.

आठ महिन्यांनी, ८ ऑगस्ट १९०० ला, ऑस्ट्रियातल्या झेल्त्सताल स्टेशनाजवळ धावत्या रेल्वेतच एमिल वारला. वय ६०.

नंतरचं जे घडलं ते त्याने पाहिलं नाही. पण नाव त्याचंच होतं, म्हणून सांगावं लागतं. मुलगा कारेल कारभारात आला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बेल्जियमचे काँक्रीटचे किल्ले फोडायला जर्मनीने ऑस्ट्रियाकडून ज्या ३०.५ सेंटिमीटरच्या तोफा मागवल्या, त्या स्कोडाच्या होत्या. १९१७ पर्यंत एकट्या प्लझेनमध्ये ३५ हजार लोक कामाला होते. त्याच वर्षी मे महिन्यात गावाजवळच्या बोलेवेत्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात स्फोट झाला आणि शेकडो कामगार मेले. त्यात बायका आणि कोवळी पोरं बरीच होती. त्या दिवशी प्लझेनमध्ये स्कोडा शब्दाचा मूळ अर्थ कोणाला आठवला नसेल असं वाटत नाही.

युद्धानंतर साम्राज्य फुटलं, चेकोस्लोव्हाकिया नावाचा नवा देश झाला, तोफांचं गिऱ्हाईक नाहीसं झालं. कंपनी इंजिनं, यंत्रं, काहीही करायला तयार होती. गाडीचा प्रवेश इथे होतो.

प्रागच्या दुसऱ्या अंगाला म्लादा बोलेस्लाव नावाचं गाव आहे. तिथे वात्स्लाव क्लेमेंट हा पुस्तकविक्रेता होता. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली, त्याने कंपनीला चेक भाषेत पत्र लिहिलं, आणि समजेल अशा भाषेत, म्हणजे जर्मनमध्ये, लिहा असं उत्तर आलं. चिडलेल्या क्लेमेंटने वात्स्लाव लाउरिन या मेकॅनिकला गाठलं आणि १८९५ मध्ये दोघांनी स्वतःच सायकली बनवायला घेतल्या. सायकलीचं नाव होतं स्लाविया. हो, चाकणला बनणाऱ्या सेडानचं नाव त्या सायकलीवरून आहे. सायकलीनंतर मोटरसायकली, आणि १९०५ मध्ये पहिली गाडी. १९२४ साली त्यांच्या कारखान्याला मोठी आग लागली, पैशाचा आधार हवा होता, आणि १९२५ मध्ये प्लझेनच्या धिप्पाड स्कोडा वर्क्सने ही कंपनी आपल्यात घेतली. लाउरिन आणि क्लेमेंट ही नावं मागे पडली. पंचवीस वर्षांपूर्वी वारलेल्या, पोलाद ओतणाऱ्या माणसाचं नाव गाडीच्या बॉनेटवर बसलं.

दुसऱ्या महायुद्धात हा कारखाना नाझींच्या ताब्यात होता. २५ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला दोन आठवडेही उरले नव्हते, तेव्हा अमेरिकन विमानांनी तो बेचिराख केला. ६ मे ला अमेरिकन सैन्य गावात शिरलं. मग सगळं सरकारजमा झालं आणि गाड्यांचा कारखाना प्लझेनपासून वेगळा काढला गेला. १९९१ मध्ये गाडीच्या कंपनीत फोक्सवॅगन आली, आणि त्या वाटेने ते नाव चाकणपर्यंत पोचलं. प्लझेनच्या स्कोडाने मात्र पुढे रेल्वे इंजिनं आणि ट्राम हेच आपलं काम मानलं.

कधी प्रागला जाणं झालं तर प्लझेन सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे, रेल्वेने साधारण दीड तास. मधल्या चौकात सेंट बार्थोलोम्यूचं चर्च आहे, १०२ मीटरहून उंच मनोऱ्याचं. चेक देशात याहून उंच चर्च नाही. ३०१ पायऱ्या चढून गेलं की वरून गावची दोन्ही टोकं दिसतात, एकीकडे बीअरचा कारखाना, दुसरीकडे स्कोडाची लांबलचक शेडं. खाली उतरून पायी बीअरच्या कारखान्यात जाता येतं. १८९२ च्या त्याच कमानींतून आत शिरायचं. तिथल्या जमिनीखाली सुमारे ९ किलोमीटर तळघरं खोदलेली आहेत. पुण्याच्या उन्हाळ्यातून गेलेल्या माणसालाही स्वेटर घालायला लागतो अशी आत थंडी असते. तिथे लाकडी पिंपातून थेट, न गाळलेली बीअर चाखायला देतात.

दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला टेकमानिया बघावं. स्कोडाच्या जुन्या कारखान्यातल्या शेडमध्ये विज्ञानाचं केंद्र केलंय. जिथे कधीकाळी पोलादाच्या कामाची घाई चालायची तिथे आता शाळेची पोरं बटणं दाबत, दांडे ओढत हुंदडत असतात. एमिलची कबर सेंट मिकुलाशच्या दफनभूमीत आहे, घराण्याच्या इतर लोकांबरोबर.